दरम्यान मुद्देमाल कुठे होता?

उच्च न्यायालयात फौजदारी अपिलं चालवणाऱ्या वकिलापुढे गुन्हा येत नाही, पेपर बुक येतं. दोषारोप, साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, आरोपीला कोर्टाने विचारलेले प्रश्न आणि शेवटी सत्र न्यायाधीशांचा निकाल, सगळं एकत्र शिवलेलं. साक्ष देताना कोण अडखळलं, कोणाचा आवाज बदलला, हे त्यात नसतं. जे प्रश्न खालच्या कोर्टात विचारलेच गेले नाहीत, ते आता कोणी विचारू शकत नाही. आहे त्या कागदावर भांडायचं.

विधी सेवा समितीकडून माझ्याकडे येणाऱ्या अपिलांत एनडीपीएसची, म्हणजे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखालची, बरीच असतात. खुनाच्या पेपर बुकात एक मयत माणूस असतो, भांडण असतं, रडणारी बायको असते, शेजारी असतात. गुन्हा घडला हे निदान वादातीत असतं. तो कोणी केला एवढाच प्रश्न. अमली पदार्थांच्या पेपर बुकात फिर्यादी पोलीस, छापा घालणारे पोलीस, माल ठेवणारे पोलीस, माल नेणारा पोलीस आणि तपास करणारेही पोलीस. त्यांच्यात एखादा पंच. कोणाचं काही चोरीला गेलेलं नाही, कोणाला इजा झालेली नाही, कोणी तक्रार घेऊन आलेलं नाही. ‘आम्हाला हे याच्याकडे सापडलं’ या पोलिसांच्या सांगण्यातच सगळा गुन्हा असतो.

म्हणून ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटला’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक ते म्हणतात, वर्तमानपत्रं छापतात, कधीकधी नव्याने सनद घेतलेली मुलंही म्हणतात. खुनाच्या खटल्यात पंचनाम्यावरची एखादी सही राहिली तर तो कदाचित तांत्रिक मुद्दा असेल. इथे माल कसा सापडला, कुठे ठेवला, कोणी नेला, ही कार्यपद्धती हाच पुरावा. ती बाजूला काढली तर मागे एका अधिकाऱ्याचा शब्द तेवढा उरतो.

त्यातलं एक अपील इथे सांगते. गावं आणि माणसं ओळखता येणार नाहीत अशा बेताने.

माझा अशील हमाल होता. एका टेम्पोत, ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला. गुप्त बातमीदाराकडून खबर आली म्हणून पोलिसांनी दुपारी रस्त्यावर नाकाबंदी लावली, टेम्पो अडवला आणि टोमॅटोच्या रिकाम्या कॅरेटांखाली तीन पोती मिळाली. जवळच्या किराणा दुकानातून काटा आणून वजन केलं: २४ किलो ३०० ग्रॅम. ड्रायव्हर आरोपी क्रमांक एक, हमाल आरोपी क्रमांक दोन. सत्र न्यायालयाने दोघांनाही दहा वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड ठोठावला.

दहा वर्षं हा आकडा न्यायाधीशांनी कडक होऊन काढलेला नाही. त्याहून कमी द्यायची त्यांना मुभाच नव्हती. २००१ च्या अधिसूचनेप्रमाणे गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर ‘अल्प प्रमाण’, आणि वीस किलोच्या वर ‘व्यावसायिक प्रमाण’. व्यावसायिक ठरलं की किमान दहा, कमाल वीस वर्षं. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण किमान मर्यादा नाही, न्यायाधीश दोन वर्षंही देऊ शकतात. एकोणीस किलो आणि एकवीस किलो यांच्यात माणसाच्या आयुष्याचा एवढा फरक पडतो. त्यात कायद्याची कलमं ३५ आणि ५४ आरोपीच्या विरुद्ध गृहीतक धरतात: माल ताब्यात होता तर तो जाणूनबुजूनच होता, नव्हता हे त्याने दाखवावं. २००८ मध्ये नूर आगा या अफगाण नागरिकाच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने ही कलमं घटनाबाह्य ठरवली नाहीत, पण त्यांना दावं लावलं. आधी सरकार पक्षाने पायाभूत गोष्टी सिद्ध करायच्या, गृहीतक त्यानंतर. आणि शिक्षा जितकी कठोर, तितकी सिद्धतेची कसोटी कडक. आमची निम्मी लढाई या निकालाच्या आधारावर चालते.

अपील दाखल होणं आणि ऐकलं जाणं यांच्यात वर्षं जातात. इतर गुन्ह्यांत या काळात शिक्षेला स्थगिती मागता येते, जामीन मिळतो. एनडीपीएसमध्ये कलम ३२-अ ने शिक्षेच्या स्थगितीचा दरवाजाच बंद केला होता. २००० साली दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने तो किलकिला झाला. पण कलम ३७ ची अट उंबऱ्यात तशीच उभी राहिली: आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण असल्याबद्दल न्यायालयाचं समाधान झालं पाहिजे. खालच्या कोर्टाने दोषी ठरवलेल्या माणसाबद्दल एवढं समाधान अर्जाच्या टप्प्यावर क्वचितच होतं. हमालाचा अर्ज फेटाळला गेला. अपील रांगेत, माणूस येरवड्याला.

आणि अपील रांगेत उभं असताना कायदा मात्र थांबत नाही. आमच्या अपील मेमोतला पहिला मुद्दा होता की ज्या अधिकाऱ्याने फिर्याद दिली त्यानेच तपास केला, सबब तपास निःपक्ष नाही. ऑगस्ट २०१८ मधल्या मोहनलाल विरुद्ध पंजाब राज्य या निकालाप्रमाणे एवढ्या एका कारणावर आरोपी सुटत होता. सहाच महिन्यांत वरिंदर कुमार निकाल आला आणि आधीपासून चालू असलेल्या खटल्यांना तो नियम लागू नाही असं ठरलं. ऑगस्ट २०२० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मुकेश सिंग प्रकरणात मोहनलालचा निकालच चुकीचा ठरवला. आमचा पहिला मुद्दा सुनावणीला उभा राहण्याआधीच मेला. पण याच काळात दुसरा एक मोहनलाल हळूहळू बळकट होत गेला. २०१६ चा, भारत सरकार विरुद्ध मोहनलाल. दोन मोहनलालांत ज्युनिअर मुलं हटकून घोटाळा करतात. मी त्यांना ‘पंजाबचा’ आणि ‘भारत सरकारचा’ असं सांगून ठेवलं आहे. भारत सरकारच्या मोहनलालने सांगितलं की जप्त मालाची यादी, छायाचित्रं आणि नमुने हे सगळं कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर आणि त्यांच्या प्रमाणपत्रासह झालं पाहिजे. जागच्या जागी पोलिसांनीच काढलेल्या नमुन्यांवर उभी राहिलेली शिक्षा २०२३ मध्ये सिमरनजीत सिंग प्रकरणात रद्द झाली. आमच्या फाइलमध्ये दंडाधिकाऱ्यांकडे गेल्याचा एकही कागद नव्हता.

पेपर बुक मी पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल काढते आणि तिथून उलटी मागे येते. अहवालात पाकीट कोणत्या तारखेला पोचलं, कोणी आणून दिलं, त्यावर किती शिक्के होते, लेबलावर कोणाच्या सह्या होत्या, वजन किती भरलं. मग पोलीस ठाण्याचं पाठवणीचं पत्र. मग ते पत्र घेऊन जाणाऱ्या शिपायाची साक्ष. मग मुद्देमाल कारकुनाची साक्ष आणि त्याची नोंदवही. सगळ्यात शेवटी पंचनामा. माल पंचनाम्यापासून प्रयोगशाळेकडे गेलेला असतो. मी प्रयोगशाळेकडून पंचनाम्याकडे चालते. या पद्धतीत खाचखळगे लवकर लागतात. सरळ वाचलं की पंचनाम्यातली ठसठशीत भाषा डोक्यात बसते आणि पुढचं सगळं तिला जुळवून वाचलं जातं. सत्र न्यायालयाच्या निकालाचं तसंच झालं होतं असं माझं मत आहे.

या अहवालात लिहिलं होतं: पाकिटावर लाखेचे चार शिक्के, शाबूत. पंचनामा म्हणत होता: लाखेचा एक शिक्का आणि पंचांच्या सह्यांचं लेबल. पाठवणीच्या पत्रात शिक्क्यांची संख्याच नव्हती. शिक्क्याचा नमुना प्रयोगशाळेला पाठवला असं तपास अधिकारी म्हणाले, पण तो कागद निशाणीला लागलेला नव्हता. शिक्का वापरून झाल्यावर तो पंचाकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे सोपवला का? नाही, माझ्याच ताब्यात होता, असं त्यांनीच उलटतपासणीत सांगितलं होतं. म्हणजे पाकीट आणि ते पुन्हा सीलबंद करण्याचं साधन, दोन्ही एकाच छताखाली. त्यांनी पाकीट उघडलं असा माझा आरोप नव्हता. उघडलं नाही हे दाखवण्याचा कोणताही मार्ग सरकार पक्षाने शिल्लक ठेवला नव्हता, एवढंच माझं म्हणणं.

मुद्देमाल कारकुनाला साक्षीदार म्हणून बोलावलंच नव्हतं. नोंदवहीची झेरॉक्स होती. तिच्यात माल आत आल्याची नोंद होती, बाहेर गेल्याच्या रकान्यात काही नव्हतं. पाकीट नेणारा शिपाई मात्र साक्षीला आला होता. त्याची सरतपासणी चार ओळींची: सोमवारी पाकीट ताब्यात घेतलं, बुधवारी प्रयोगशाळेत जमा केलं, पोच घेतली.

इथे त्या तालुक्याच्या वकिलांना मनापासून दाद द्यायला हवी. हमालाच्या घरच्यांनी कुठूनतरी पैसे जमवून त्यांना दिले होते. त्यांची बाकीची उलटतपासणी तालुक्याच्या कोर्टात चालते तशीच होती: ‘हे म्हणणं खोटं आहे की तुम्ही आरोपीला गुंतवलं?’ ‘हे म्हणणं खरं नाही.’ अशा सूचनांची पानंच्या पानं असतात आणि अपिलात त्यांना चार आण्यांची किंमत नसते. पण शिपायाला त्यांनी एक प्रश्न विचारला होता: मंगळवारी पाकीट कुठे होतं? उत्तर आलं: ‘माझ्याजवळ, माझ्या राहत्या घरी.’ त्यावर वकिलांनी पुढे काहीच विचारलं नाही. साहेब, बस. घरी कुठे, कोणत्या कपाटात, असं विचारलं असतं तर शिपायाला सावरायला जागा मिळाली असती. थांबायचं कुठे हे कळणारा वकील मोठ्या शहरातही सहज भेटत नाही. मी त्यांना फोन करून हे सांगितलं, तर म्हणाले, ‘मॅडम, मी विचारणार होतो पुढचं, पण जेवणाची सुट्टी झाली.’

सत्र न्यायालयाने हे सगळं ‘किरकोळ विसंगती’ म्हणून एका परिच्छेदात निकालात काढलं होतं.

सापडतो तो प्रत्येक मुद्दा मांडायचा नसतो. हमालाच्या आधीच्या वकिलांनी अपील मेमोत कलम ५० वर मोठा जोर दिला होता. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर घेण्याचा अधिकार आरोपीला आहे आणि तो त्याला नीट सांगितलाच पाहिजे, असं १९९९ च्या बलदेव सिंग आणि २०१० च्या विजयसिंह जाडेजा या घटनापीठाच्या निकालांनी पक्कं केलं आहे. पण तो अधिकार अंगझडतीपुरता. पिशवी, पोतं, गाडी यांच्या झडतीला कलम ५० लागत नाही, हे २००५ च्या पवन कुमार निकालापासून स्पष्ट आहे. इथे माल कॅरेटांखाली होता. मुद्दा सोडला. खबर लिहून वरिष्ठांना कळवण्याचं कलम ४२ खाजगी वाहनाला लागतं, असं बूटा सिंग निकालात २०२१ मध्ये ठरलं आहे. पण इथे खबर स्टेशन डायरीला लिहिलेली होती आणि वरिष्ठांना गेल्याचा जावक क्रमांकही होता. तोही सोडला. एक पंच फितूर झाला होता, ‘ठाण्यात नेऊन सही घेतली’ म्हणाला होता. तेवढ्याने सरकार पक्षाचा खटला पडत नाही, पोलिसांच्या साक्षीवरही शिक्षा टिकू शकते. मुद्दा ओझरता ठेवला. पंधरा मुद्दे घेऊन उभं राहिलं की न्यायमूर्ती पंधरावा ऐकताना पहिला विसरतात. शिवाय पडणारा प्रत्येक मुद्दा पुढच्या चांगल्या मुद्द्याची पत घालवतो.

मुद्दा सापडला तो नमुन्यात. पोती तीन होती. पंचनाम्याप्रमाणे प्रत्येक पोत्यातून मूठभर माल घेऊन एकत्र केला आणि त्या मिश्रणातून चोवीस-चोवीस ग्रॅमची दोन पाकिटं केली. छापा पडला तेव्हा २०२२ चे जप्ती आणि नमुन्यांचे नियम आलेले नव्हते, १९८९ चा स्थायी आदेशच चालू होता. चोवीस ग्रॅमचा आकडा त्यातलाच, तेवढा मात्र तंतोतंत पाळला होता. पण एकत्र केल्यावर कोणत्या पोत्यात काय होतं हे कायमचं पुसलं गेलं. एकाच पोत्यात गांजा असेल आणि दोहोंत नुसता पाला, तरी प्रयोगशाळेचं उत्तर ‘गांजा’ असंच येणार.

याला गोव्याचा एक जुना आधार आहे. १९९३ च्या त्या निकालात एका परदेशी माणसाकडे चरसचे दोन तुकडे मिळाले होते, मिळून बारा ग्रॅम. प्रयोगशाळेला पाठवला एकच. खालच्या कोर्टाने दहा वर्षं दिली, उच्च न्यायालयाने कायम केली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जो तुकडा तपासला तेवढाच चरस सिद्ध झाला. दुसरा चरस होता हे कशावरून? तपासलेला तुकडा पाच ग्रॅमहून कमी होता, म्हणजे तेव्हाच्या अल्प प्रमाणात बसणारा, आणि शिक्षा त्याप्रमाणे उतरली. हा निकाल मला फार आवडतो. ‘उघडच आहे, दुसराही चरसच असणार’ असं कोणीही म्हटलं असतं. फौजदारी न्यायालयाने तसं म्हणायचं नसतं.

पुढचा प्रश्न वजनाचा. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांबरोबर नसतील तर ती गांजात मोडत नाहीत. पंचनाम्यात मालाचं वर्णन होतं: ‘हिरवट रंगाचा उग्र वासाचा पाला, काड्या, बिया व शेंडे’. वजन सगळ्याचं एकत्र, आणि पोत्यांसकट की पोती वजा करून, याचा उल्लेख नाही. काटा ज्याच्या दुकानातून आणला तो दुकानदार साक्षीला नाही. वीस किलोची रेषा फक्त चार किलो तीनशे ग्रॅमने ओलांडलेली. त्यात तीन पोत्यांचं वजन आणि सुट्या काड्या, पानं, बिया किती? म्हणून दुसरी विनंती अशी मांडली की निर्दोष सोडता येत नसेल, तर निदान व्यावसायिक प्रमाण सिद्ध झालेलं नाही एवढं तरी म्हणा.

आणि खुद्द पोती? ती खटल्यात कोर्टापुढे आलीच नव्हती. ‘नष्ट केली’ असं तपास अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितलं. ५२-अ खालची प्रमाणित यादी असेल तर पोती नसली तरी चालतं, ती यादीच मूळ पुरावा धरली जाते. इथे पोतीही नव्हती आणि यादीही नव्हती. चाचणीचा अहवाल स्वतःहून काही सिद्ध करत नाही. तपासलेला माल तोच, जो आरोपीकडे मिळाला, हे जोडून दाखवावं लागतं. विजय पांडे निकालात २०१९ मध्ये हेच सांगितलं आहे.

हमालाची आई एकदा सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आली आणि सकाळी उच्च न्यायालयाच्या दारात माझी वाट बघत बसली होती. छापा दुसऱ्याच जिल्ह्यातला. तिला तिथलं कोर्टही नीट ठाऊक नव्हतं. तारीख नव्हती, पण तिला कोणीतरी सांगितलं होतं की वकिलाला तोंड दाखवत राहिलं पाहिजे. मी तिला शिक्के, पाकिटं, शिपाई असं काहीबाही सांगायला लागले. तिने बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्याडम, त्यो गाडीत बसला हुता. गाडी त्येची न्हाई, माल त्येचा न्हाई. मग गाडीवाला कुठाय आन् मालवाला कुठाय?’

‘मावशी, तेच कोर्टाला विचारायचंय,’ मी म्हटलं.

आमच्या भाषेत याला जाणीवपूर्वक ताबा म्हणतात. पंजाबातल्या अवतार सिंग प्रकरणात अफूच्या बोंडांच्या भुश्याची पोती भरलेल्या ट्रकमध्ये काही माणसं पोत्यांवर बसलेली सापडली होती. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. पोत्यावर बसणं म्हणजे पोतं ताब्यात असणं नव्हे, आणि पोती त्यांच्या ताब्यात होती का, हे खटल्यात त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. हमाल तर पोत्यांवरही नव्हता, पुढे केबिनमध्ये होता. दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली न्यायाधीशांनी त्याला छापा, पंचनामा, अहवाल यांबद्दल विचारलं होतं. कॅरेटांखाली पोती आहेत हे तुला माहीत होतं का, हा प्रश्न नव्हता. अखेरच्या प्रश्नाला, तुला आणखी काही सांगायचं आहे का, त्याने एवढंच उत्तर दिलं होतं: ‘मी हमाली करतो. कॅरेट उतरवायला चाललो होतो.’ गाडीवाल्याबद्दल रेकॉर्डवर एवढं होतं की टेम्पो भाड्याने दिला होता असा जबाब त्याने दिला, आरोपी तो कधीच झाला नाही, आणि काही महिन्यांतच सुपूर्दनाम्यावर टेम्पो घेऊन गेला. मालवाल्याबद्दल एकही ओळ नव्हती.

सुनावणी लागली. अमेरिकेत पुरावा अपुरा आहे म्हणून अपील केलं तर तिथलं न्यायालय स्वतःला काय पटतं हे विचारत नाही. सगळा पुरावा सरकार पक्षाच्या बाजूने वाचून कोणतीही विवेकी ज्यूरी असा निष्कर्ष काढू शकली असती का, इतकंच बघतं. १९७९ च्या जॅक्सन विरुद्ध व्हर्जिनिया या निकालाने ती चौकट घालून दिली. आमच्याकडे ज्यूरी नाही आणि पहिल्या अपिलात न्यायमूर्तींनी सगळा पुरावा नव्याने तोलायचा असतो. त्यामुळे सुनावणी म्हणजे कागदावर पुन्हा चाललेला खटलाच. न्यायमूर्तींनी पेपर बुक आधी वाचलेलं असेल तर ती अतिशय आनंदाची गोष्ट असते. त्यांनी वाचलेलं होतं.

सरकारी वकील तयारीच्या होत्या. वजनाच्या मुद्द्यावर त्यांनी २०२० चा हिरा सिंग निकाल काढला: शुद्ध अमली द्रव्य किती हे बघायचं नाही, मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं. मी म्हटलं, तो निकाल अमली पदार्थात निरुपद्रवी भेसळ मिसळलेली असते त्याबद्दलचा आहे. गांजाची व्याख्या संसदेनेच करून ठेवली आहे. काडी हा गांजात मिसळलेला पदार्थ नव्हे, काडी म्हणजे गांजाच नव्हे. न्यायमूर्ती म्हणाले, ‘मॅडम, तो वाद पुढच्या कोणासाठी ठेवा. मला एक सांगा, एकाचे चार शिक्के कसे झाले?’ प्रश्न माझ्याकडे बघून विचारला होता, पण सरकारी वकील उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पाठवणीचं पत्र चाळलं, अहवाल चाळला, म्हणाल्या की कदाचित पंचनाम्यात संख्या लिहायची राहिली असेल. ‘राहिलेली नाही, एक लिहिली आहे,’ न्यायमूर्ती म्हणाले. मग मंगळवारचं पाकीट आलं, मग पोती.

हमालाचं आणि ड्रायव्हरचं, दोन्ही अपिलं मंजूर झाली. शिक्का, शिपायाचं घर, न बोलावलेला मुद्देमाल कारकून, न आणलेली पोती आणि दंडाधिकाऱ्यांसमोर न काढलेला नमुना, या सगळ्याचा एकत्रित विचार करून आरोपींकडे मिळालेला माल आणि तपासलेला माल एकच होता हे सिद्ध झालेलं नाही, असं निकालात आलं. हमालाच्या जाणीवपूर्वक ताब्यावर वेगळा निष्कर्ष नोंदवण्याची गरज उरली नाही. मला तो हवा होता. त्याच्या आईचा प्रश्न तोच होता, आणि निकालात त्याला जागा मिळाली नाही.

ड्रायव्हरही त्याच निकालाने सुटला. तो माझा अशील नव्हता म्हणून सांगू शकते: त्याला माहीत असावं असं मला वाटतं. रिकामी कॅरेटं भरायला दुपारी कोणी एवढ्या आडवाटेने जात नाही. पण माझं वाटणं हा पुरावा नाही, आणि सरकार पक्षाकडे त्याहून फारसं जास्त काही नव्हतं.

तांत्रिक मुद्दा म्हणणाऱ्यांना मी नंतरच्या एका अपिलाचं उदाहरण देते. त्यात मी हरले. माल जास्त होता, पण ते कारण नव्हे. दंडाधिकाऱ्यांसमोर यादी, प्रत्येक पाकिटाचा वेगळा नमुना, छायाचित्रांवर सह्या, नोंदवहीतला एकेक रकाना भरलेला, पाकीट नेणारा त्याच दिवशी प्रयोगशाळेत. उलट्या बाजूने चालत आले तरी कुठे पाय अडकला नाही. शिक्षा कायम झाली आणि निकाल वाचून मला तो बरोबर वाटला. जानेवारी २०२५ मध्ये भारत आंबळे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ५२-अ पाळलं नाही एवढ्यानेच आरोपी सुटत नाही, उरलेला पुरावा विश्वास ठेवण्याजोगा आहे का ते बघायचं. बारमध्ये यावर बरीच हळहळ झाली. मी त्यात सामील नव्हते. आमचं अपील या कसोटीवरही टिकलं असतं. एका शिक्क्याचे चार झाले हे समजायला ५२-अ ची गरज नाही.

सुटकेच्या आदेशात एक अट होती. तेव्हाच्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७-अ प्रमाणे निर्दोष सुटलेल्यानेही सहा महिन्यांसाठी बंधपत्र द्यायचं असे, सरकार वर गेलं तर हजर राहीन म्हणून. हमाल तोवर सात वर्षांहून जास्त आत राहिला होता. ‘सुटला म्हनता, मग जामीन कशापायी?’ आईने फोनवर विचारलं. जामीनदार मिळणार नव्हता, म्हणून वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडावं अशी विनंती केली आणि ती मान्य झाली. सरकार वर गेलं नाही.

गाडीवाल्याचा मात्र एक अर्ज आला. खटला संपला, तेव्हा सुपूर्दनाम्याच्या अटीतून मोकळं करून टेम्पो कायमचा आपल्याला द्यावा, म्हणून त्याने सत्र न्यायालयात अर्ज दिला आणि आरोपी क्रमांक दोन म्हणून त्याची नोटीस हमालाला निघाली. आईने कागद मोबाइलवर फोटो काढून पाठवला, खाली विचारलं की आता पुन्हा तिथे जावं लागेल का. मी तालुक्याच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, ‘हरकत नाही असं लिहून देऊ का?’ मी म्हटलं, तसं नको. हमालाचं म्हणणं देऊ की हा टेम्पो भाड्याने कोणी घेतला होता, त्याचं नाव अर्जदाराने आधी कोर्टाला सांगावं.